बोट कुठे ठेवायचं?

चित्र अर्ध्यावर आलं की ते कुरूप दिसतं. कुणाचंही. जलरंगात तर हे ठरलेलंच असतं. पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, ओला असताना जो रंग झळकतो, तो सुकता सुकता फिका पडतो. ज्या गडद छटांमुळे आकार उठून येणार असतात, त्या अजून लावायच्या असतात. चेहरा काढत असाल तर डोळ्यांच्या जागी नुसते दोन करडे डाग असतात, हनुवटी आणि मान एकमेकांत मिसळून गेलेली असते, आणि कोऱ्या कागदासमोर बसताना वाटलेली आशाही तोवर ओसरलेली असते. नेमकं याच वेळी मनातलं बोलणं सुरू होतं. तुला हे जमत नाही. मागचं चित्र जमलं तो योगायोग होता. बाकीचे बघ कुठच्या कुठे पोचले.

हे बोलणं मी खूप वर्षं ऐकत आले आहे. चित्रं काढणाऱ्या, गाणाऱ्या, लिहिणाऱ्या ज्या ज्या माणसांशी कधी मोकळेपणाने बोलणं झालं, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनातही ते जवळपास याच शब्दांत चालतं. मला याचं फार आश्चर्य वाटतं. काम वेगळं, माणूस वेगळा, तरी वाक्यं तीच. निसर्गचित्रातलं आभाळ मळलं तरी 'तुला जमत नाही', हात काढताना करंगळी लांबली तरी 'तुला जमत नाही', आणि सगळं नीट उतरलं तरी थोड्या वेळाने 'हे काही खरं नाही'. समोरच्या कागदावर काय आहे याच्याशी त्या वाक्यांना काही देणंघेणंच नसतं. ती चित्र बघून बोललेलीच नसतात. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला, आणि लक्षात आल्यावर पुष्कळ गोष्टी सुटायला लागल्या, म्हणून हा लेख.

आधी तुलनेबद्दल बोलते, कारण त्या आवाजाला सगळा दाणागोटा तिथूनच मिळतो.

जलरंगात सक्तीची विश्रांती असते. वॉश सुकेपर्यंत काहीच करता येत नाही. हात मोकळे असतात, मन अस्वस्थ असतं, आणि फोन हाताशी असतो. फोन उघडला की एकामागून एक चित्रं सरकू लागतात. सगळी पुरी झालेली, चांगल्या उजेडात फोटो काढलेली, चारही कडा सरळ कापलेल्या. तिथून मान वळवून आपल्या कागदाकडे बघितलं की तो आणखीच केविलवाणा दिसतो. आपल्या चित्राचा सगळ्यात वाईट क्षण आणि दुसऱ्याच्या चित्राचा सगळ्यात चांगला क्षण असे शेजारी ठेवले गेले, तर निकाल काय लागणार हे सांगायला नको. आणि तो निकाल आपण चित्रापुरता ठेवत नाही, स्वतःलाच लावून घेतो.

'तुलना करू नका' असं सगळेच सांगतात. मला हा सल्ला कधीच उपयोगी पडला नाही, आणि तो का पडत नाही याचं उत्तर लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत सापडलं. त्याने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. आपण कुठे आहोत हे जाणून घ्यायची माणसाला उपजत ओढ असते. मोजायला बाहेरचं पक्कं माप असेल तर तो ते वापरतो, आणि तसं माप नसेल तिथे इतर माणसांकडे बघतो. आता कलेत माप कुठलं? धावणाऱ्याला घड्याळ असतं. गणित करणाऱ्याला उत्तर ताडून बघता येतं. चित्र 'बरोबर' आलं की नाही हे कशावर ताडून बघायचं? त्यामुळे कलावंत बाकीच्यांपेक्षा जास्त तुलना करतो, यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. त्याच्या कामाचा प्रकारच तसा आहे. हे वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तोवर तुलना केल्याबद्दलसुद्धा मी स्वतःला बोल लावत होते, म्हणजे दुःखावर आणखी एक दुःख.

फेस्टिंगरने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. माणूस तुलना करतो ती साधारण आपल्यासारख्यांशीच. हे किती खरं आहे! रेम्ब्रांटमुळे माझी झोप कधी उडाली नाही. त्याच्यासमोर मी आनंदाने लहान होते. झोप उडते ती माझ्याबरोबर शिकलेल्या, माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच घरातल्या कुणाचं प्रदर्शन लागलं की. अंतर जितकं कमी, तितकं ते सलतं. तिचं कौतुक मनापासून करावं आणि घरी येऊन दोन दिवस ब्रशला हात लावू नये, असं माझ्याबाबतीत झालेलं आहे, आणि या दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या होत्या. मत्सर वाटला म्हणजे प्रेम खोटं ठरत नाही.

म्हणून तुलना थांबवायची कशी हा प्रश्न मी सोडून दिला. आपण कशाची तुलना कशाशी करतो, हे मात्र बघता येतं.

आपण दुसऱ्याचं जे बघतो, ते जवळपास नेहमीच निवडून दाखवलेलं असतं, आणि हे काही आजच्या काळाचं पाप नाही. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारला. त्याचा चरित्रकार वासारी, जो त्याला ओळखत होता, तो लिहितो की मृत्यूपूर्वी मायकेलअँजेलोने आपली पुष्कळ रेखाटनं आणि कच्चे आराखडे जाळून टाकले. आपल्याला किती खटपट करावी लागली हे कुणाला दिसू नये आणि आपण परिपूर्णच दिसावं, म्हणून. ज्याच्या हाताला जगाने दैवी म्हटलं, त्यालाही आपली खोडाखोड झाकावीशी वाटली. त्यानंतरच्या पिढ्यान् पिढ्या त्या जळालेल्या कागदांशिवायच त्याच्याशी स्वतःची तुलना करत राहिल्या.

काही खोडाखोड मात्र जाळता येत नाही. पिकासोने १९०३-०४ च्या सुमारास काढलेलं म्हाताऱ्या गिटारवादकाचं निळं चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यातल्या म्हाताऱ्याच्या वाकलेल्या मानेच्या वर नीट बघितलं तर एका बाईचा पुसट चेहरा दिसतो. क्ष-किरण आणि अवरक्त किरणांनी तपासल्यावर कळलं की खाली आधीच्या चित्रांचे प्रयत्न आहेत, तिथे एक तरुण आई आहे, मूल आहे, एक म्हातारी बाई आहे. सोडून दिलेल्या कामावरच हे चित्र उभं आहे. मोठमोठ्या संग्रहालयांतल्या चित्रांखाली अशी कितीतरी सरकवलेली बोटं, बदललेल्या माना, पुसलेली माणसं सापडतात. ती बघताना मला जी शांतता मिळते ती कुठल्याही प्रेरणादायी वचनाने मिळत नाही. हातही चुकतात आणि डोळे ते पकडतात, हे थोरामोठ्यांच्या कामात प्रत्यक्ष बघायला मिळतं.

'डोळे पकडतात' हे महत्त्वाचं आहे. चूक पकडणारा डोळा आणि 'तुला जमत नाही' म्हणणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या एकच समजत होते. त्या वेगळ्या आहेत हे मला एका मुलीला शिकवताना दिसलं.

ती माझ्याकडे चित्रकला शिकायला येते. शाळकरी वयाची, हुशार, आणि हातात पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त वेळ. त्या दिवशी ती स्वतःचाच डावा हात समोर धरून काढत होती. खोडून खोडून कागदाचा पृष्ठभाग उसवला होता, बोटांच्या जागी लव उठली होती. शेवटी तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"ताई, हे फेकून देऊ?"

"का गं?"

"वाईट झालंय."

"कुठे?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे नेमकं कुठे? बोट ठेवून दाखव."

तिने बोट पुढे केलं आणि ते कागदाच्या वर तसंच थांबलं. टेकवायला तिला जागा सापडेना. मी काही बोलले नाही. हळूहळू तिचे डोळे कागदावर फिरू लागले, आणि माझी खात्री आहे की त्या दिवसात तिने आपलं चित्र खऱ्या अर्थाने तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मग बोट टेकलं.

"इथे. मनगट जाड झालंय."

"बरोबर. आणखी?"

"अंगठा... हा चुकीच्या ठिकाणाहून निघालाय ना?"

"कुठून निघायला हवा?"

तिने स्वतःचा हात उघडून बघितला, अंगठा हलवून बघितला. "खालून. मनगटाजवळून. मी तो बाकीच्या बोटांच्या रांगेत काढला."

"आणि ही करंगळी?"

ती जरा थांबली. "ती बरी आलीय."

"खोडू नकोस मग ती."

तिने कागद परत ओढून घेतला. फेकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अंगठ्याचा सांधा शोधण्यात ती पाऊण तास बुडून गेली, आणि माझ्याच तोंडून गेलेलं 'बोट ठेवून दाखव' माझ्या डोक्यात घर करून बसलं.

दोषाला जागा असते. मनगट जाड असेल तर ते कागदावर इथपासून इथपर्यंत जाड असतं. तान बेसूर झाली तर ती एका ठरावीक सुरावर घसरलेली असते. कथा रेंगाळत असेल तर ती अमुक परिच्छेदापासून रेंगाळते. ज्या टीकेला कामात बोट ठेवायला जागा मिळते, ती डोळ्याची. ती कितीही कडक असो, तिच्यामुळे पुढचं काम कळतं. आणि ज्या टीकेला जागाच सापडत नाही, जी बोट टेकवायला गेलं की हवेत राहते, ती कामाबद्दल नसतेच. ती आपल्याबद्दल असते. 'मी सुमार आहे' हे चित्रात कुठे दाखवणार? तिथे रंग असतो, पाणी असतं, कडा असतात. 'मी' नावाचा डाग तिथे सापडत नाही.

तेव्हापासून तो आवाज सुरू झाला की मी खरोखरच कागदावर बोट ठेवते. मनातल्या मनात नाही, प्रत्यक्ष. कुठे? बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच: गालाची सावली मळली आहे कारण पहिला थर ओला असतानाच मी वर पूरक, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोर येणारा, रंग चढवला, मागची भिंत आणि केस एकाच छटेचे झाले म्हणून डोकं भिंतीत रुतलं. हे सापडलं की आवाज बसतो, कारण करायला काम मिळतं. कधी काहीच सापडत नाही. तेव्हा कळतं की मी थकले आहे, भूक लागली आहे, किंवा मघाशी फोनवर काहीतरी बघितलं आहे. तेही कळणं उपयोगाचं असतं.

जवळची माणसं आपल्याला निराश बघून म्हणतात, "अगं, तुझी चित्रं सुंदरच असतात." त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण अशा वाक्याने आवाज शांत होत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला कौतुकही झेपत नाही. खरं म्हणजे त्या कौतुकालाही जागा नसते. एकदा कुणीतरी माझ्या चित्रातल्या काचेच्या पेल्यावर बोट ठेवून म्हणालं, "इथे नुसता कागद सोडलाय ना? तिथेच तो पेला चमकतो." ते मी आजही विसरलेले नाही, कारण ते बोलणं चित्र बघून आलं होतं. त्या मुलीच्या करंगळीचंही तसंच. बरं आलेल्या जागेवरही बोट ठेवावं लागतं. मनातला आवाज ते कधीच करत नाही, म्हणून ते आपणच करायचं. हा आत्मगौरव नाही. जे आलं आहे ते आलं आहे असं म्हणणं ही निव्वळ अचूकता आहे.

लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांसाठी लिहून ठेवलेल्या टिपणांत या डोळ्याबद्दल फार सुंदर गोष्टी आहेत. तो सांगतो की काम करताना जवळ सपाट आरसा ठेवावा आणि आपलं चित्र त्यात बघावं. उलटं दिसल्यामुळे ते दुसऱ्या कुणाच्या हातचं वाटतं, आणि चुका चटकन दिसतात. अधूनमधून काम सोडून उठावं, लांब जाऊन बघावं, असंही तो सांगतो. पाचशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी रोज पाळते, आणि त्यामागचं शहाणपण मला उशिरा कळलं. चित्र 'माझं' असेपर्यंत मी ते नीट बघूच शकत नाही. आरशात ते माझं राहत नाही, आणि मग मी त्याच्याशी न्यायाने वागते. दुसऱ्याच्या चित्राशी मी जितक्या सभ्यपणे वागते तितक्याच.

त्याचं दुसरं निरीक्षण त्याहून मोलाचं आहे. चित्रकाराची जाण त्याच्या कामाएवढीच असेल तर ते चांगलं लक्षण नाही, काम जाणिवेच्या पुढे गेलेलं वाटत असेल तर ते त्याहून वाईट, आणि जाण कामाच्या पुढे असेल तर तेच उत्तम लक्षण, असं तो म्हणतो. म्हणजे आपल्याला आपलं काम अपुरं वाटतं, कारण आपला डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. ती टोचणी प्रगतीचीच खूण आहे. ज्या दिवशी ती संपेल त्या दिवशी शिकणंही संपेल. मला ही टोचणी हवी आहे. तिच्या पाठोपाठ येणारा अपमान मात्र नको आहे.

इथे कुणी म्हणेल की थोर कलावंत तर स्वतःशी निर्दयच होते. होते, काही. जर्मन संगीतकार ब्राम्सने आपली पहिली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, पुरी केली ती १८७६ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तिचे सुरुवातीचे प्रयत्न त्याच्या जवळपास वीस वर्षं आधीचे. बेथोव्हनसारख्या महाकायाची पावलं सतत मागून ऐकू येत असताना कसं लिहायचं, अशा अर्थाचं तो मित्राजवळ बोलला होता. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चतुष्टकांच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांच्या, आधीची वीसेक त्याने नष्ट केली असं त्याच्याच सांगण्यातून आलेलं आहे. फ्रेंच चित्रकार मोनेने १९०८ मध्ये प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना आपली पंधराएक कमळतळ्याची चित्रं फाडून टाकली. त्याच्याच काळातल्या बर्थ मोरिझो या चित्रकर्तीने उमेदवारीच्या काळातलं आपलं जवळजवळ सगळं काम नष्ट केलं.

हे वाचून पूर्वी मला वाटायचं, बघ, मोठं व्हायचं तर असं असावं लागतं. आता वाटतं, ते काम करत राहिले म्हणून आपल्यापर्यंत पोचले, स्वतःला फाडत राहिले म्हणून नाही. मोनेचं ते प्रदर्शन १९०९ मध्ये झालंच, अठ्ठेचाळीस चित्रांचं. ब्राम्सने पहिली सिंफनी दिल्यावर दुसरी पुढच्याच वर्षी लिहिली. आणि ज्यांना त्या आवाजाने पुरतं गप्प केलं, ज्यांनी पहिलंच चित्र फाडल्यावर दुसरं काढलंच नाही, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. निर्दयपणाने किती कलावंत घडले हे सगळे सांगतात, किती संपले हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं. मोरिझोची ती कोवळी चित्रं मला बघायची होती.

चाबूक नसेल तर आपण आळशी होऊ ही भीती मात्र खरी असते, आणि ती मलाही होती. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट तपासली होती. विद्यार्थ्यांना शब्दांची एक अवघड चाचणी दिली, जिच्यात त्यांना चांगलं जमणार नव्हतंच. नंतर काहींना या अपयशाकडे समजुतीने, स्वतःला न झोडपता बघायला सुचवलं. पुढच्या चाचणीची तयारी करायची वेळ आली तेव्हा याच विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. हे तर्काला धरूनच आहे. मार बसणार असेल तर माणूस त्या खोलीत जायचंच टाळतो. मी ज्या काळात स्वतःला सगळ्यात जास्त बोल लावले, त्या काळात मी सगळ्यात कमी चित्रं काढली.

निर्दय न होता कठोर कसं असावं याचा माझ्यासाठी सगळ्यात देखणा नमुना जपानी चित्रकार होकुसाई आहे. जगभर ओळखली जाणारी ती प्रचंड लाट त्याने काढली तेव्हा तो सत्तरीचा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८३४ मध्ये, फुजी पर्वताच्या चित्रांच्या पुस्तकाला जोडलेल्या मजकुरात त्याने लिहिलं की सत्तरीच्या आधी आपण काढलेलं काहीच दखल घेण्याजोगं नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी प्राणी, पक्षी, मासे आणि झाडं यांची घडण जराशी कळली. ऐंशीव्या वर्षी आणखी प्रगती होईल, आणि एकशेदहाव्या वर्षी काढलेला प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेघ जिवंत असेल. सहा दशकांचं काम त्याने एका वाक्यात बाजूला सारलं, पण त्यात 'मी कुणीच नाही' असं कुठेही नाही. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या येणाऱ्या वर्षांशी आहे, आणि ती वर्षं त्याला बोलावत आहेत. १८४९ मध्ये तो गेला तोपर्यंत काढतच होता.

वयाच्या तुलनेबद्दल याहून जास्त बोलायची मला गरज वाटत नाही. 'अमुक वयात अमुक झालं पाहिजे' हे वेळापत्रक कुणी केलं ते मला सापडलेलं नाही. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत आणि बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात घालवत. त्यांची गती त्यांची होती.

मत्सराचं काय करायचं हा प्रश्न मात्र शिल्लक होता, कारण डोळे मिटून तो जात नाही. त्याचं उत्तर मला व्हॅन गॉगच्या शेवटच्या वर्षात दिसलं. १८८९ च्या शरद ऋतूत, सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना, त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छाप्यांवरून स्वतःच्या रंगांत चित्रं करायला घेतली. अशी वीसेक झाली. मिले त्याला आयुष्यभर पूजनीय होता. गायक-वादक दुसऱ्याची रचना आपल्या पद्धतीने सादर करतात, तसंच हे आहे, अशा अर्थाचं त्याने भावाला कळवलं. ज्याच्यासारखं आपल्याला व्हावंसं वाटतं त्याच्याकडे नुसतं बघत बसलं की मन कुढतं. त्याचं काम हाताने उतरवायला घेतलं की मन कामाला लागतं.

मीही तसं करून बघितलं. ज्या समकालीन बाईंच्या प्रदर्शनानंतर माझा ब्रश थांबला होता, त्यांच्या एका चित्राची छापील प्रत समोर ठेवली आणि ती उतरवायला बसले, फक्त स्वतःसाठी. तोवर मला त्यांच्या सगळ्याचाच हेवा वाटत होता: त्यांचं नाव, त्यांचा आत्मविश्वास, त्यांची सहजता. चित्र उतरवताना सहजतेचे तुकडे पडायला लागले. रंग त्यांचे माझ्यासारखेच होते, तेच निळे, तेच मातकट तपकिरी. रेखाटनात माझा हात कमी पडत नव्हता. अडलं ते एकाच ठिकाणी. त्यांच्या चित्रातल्या बाईचा खांदा मागच्या अंधारात जिथे विरतो, तिथे कडच नव्हती. खांदा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो हे सांगता येत नव्हतं, तरी खांदा स्पष्ट जाणवत होता. माझ्या कागदावर तिथे कात्रीने कापल्यासारखी धार येत होती. मी पुन्हा केलं, पुन्हा धार. धार मऊ करायला गेले तर रंगाचे फुलकोबीसारखे डाग फुटले.

इतकी वर्षं वाटत आलेला हेवा एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावला. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. मला ती कड हवी होती. त्यानंतर त्या माणसाबद्दल मनात जी अढी होती ती कुठे गेली ते कळलंच नाही. एखाद्याकडे काय आहे हे नेमकं कळलं की त्याच्याकडे जाऊन विचारता येतं.

हे सगळं आता साधलं आहे असं मी म्हणणार नाही. आवाज येतो. काही दिवस बोट ठेवूनही काम होत नाही, तेव्हा मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि ओलं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं करते, दुसऱ्या दिवशीपर्यंत. एवढं पुरतं. ज्यांच्या बाबतीत हा आवाज चित्रापुरता राहत नाही, झोप, जेवण, माणसं सगळ्यांत शिरतो, त्यांनी मात्र एकट्याने त्याच्याशी झुंजू नये. समुपदेशकाकडे जावं. तिथे कलेचा प्रश्न नसतो, माणसाचा असतो, आणि माणूस आधी.

त्या बाईंचं पुढचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी गेले. गर्दी ओसरल्यावर जवळ जाऊन म्हटलं, "तुम्ही ही कड कशी हरवता, ते मला विचारायचं होतं. मी करते तेव्हा डाग फुटतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या खांद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचा ब्रश जास्त ओला असतो का?"

"असेल. धार जात नाही म्हणून मी पाणी वाढवते."

"उलटं करा. कागदावरची चमक उतरायला लागली की स्वच्छ ब्रश घ्यायचा, फडक्यावर दाबून टिपायचा, आणि मग कडेवरून एकदाच फिरवायचा. ब्रश कागदापेक्षा ओला असला की त्यातलं पाणी रंगाला ढकलतं, म्हणून डाग फुटतो. आणि दुसऱ्यांदा फिरवायचा नाही, कितीही वाटलं तरी."

"एकदाच?"

"एकदाच. कागद कुठला वापरता तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी तो कागद पाणी फार लवकर पितो म्हणून त्यावर आधी मागच्या बाजूनेही पाणी लावून घ्यायला सांगितलं. मग आम्ही कागदांबद्दल बोलत बसलो, दालनाचे दिवे बंद करायला माणूस येईपर्यंत.